अण्णांबरोबर कोरड्या नद्यांच्या डोहांवर: अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून एका दिवसाची सहल

आई-वडील मेलबर्न-सिडनीला आले की आपण त्यांना ठरलेल्या चार गोष्टी दाखवतो: समुद्र, कांगारू, ऑपेरा हाउस आणि आपलं ऑफिस बाहेरून. तिसऱ्या आठवड्यात वडील बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लागतात. माझ्या अण्णांचं तेच झालं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून जन्म गेलेला माणूस, गाव आटपाडीच्या बाजूचं. त्यांना समुद्रापेक्षा कोरड्या नदीतलं जास्त कळतं. म्हणून मी त्यांना ऑस्ट्रेलियाच्या पोटात, अ‍ॅलिस स्प्रिंग्जला नेलं. आई नातवाजवळ थांबली. "दगड बघायला विमानानं कशाला जायचं?" हा तिचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मेलबर्नहून थेट विमानानं साधारण तीन तास लागतात. आपले बरेच लोक उलुरूचा तांबडा खडक बघायला जातात आणि अ‍ॅलिसला फक्त विमान बदलतात, किंवा तेही नाही. (उलुरू अ‍ॅलिसपासून जवळ आहे हा गैरसमज आधीच काढून टाका. रस्त्यानं साडेचारशे किलोमीटर आहे.) अ‍ॅलिसच्या पश्चिमेला वेस्ट मॅकडॉनेल ही डोंगररांग पसरली आहे. तिचं मूळ नाव चोरिट्जा आणि ही अरेर्न्ते लोकांची भूमी. या रांगेत दर वीस-तीस किलोमीटरवर एक खिंड किंवा घळ आहे, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बारमाही किंवा जवळजवळ बारमाही डोह. एका दिवसात जाऊन येता येतं. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घेऊन जायचं तर आखणी वेगळी लागते. मी आधी एकदा मैत्रिणींबरोबर गेले होते. तेव्हा एका दिवसात आठ ठिकाणं 'केली' होती, आणि आज फोटो बघितले की कुठलं पाणी कुठलं ते सांगता येत नाही. अण्णांबरोबर फक्त चार ठिकाणं पाहिली: ऑर्मिस्टनची घळ, गेरूची खाण, एलरीचा डोह आणि सिम्पसन्स गॅप ही खिंड.

आधी हे ठरवा: कधी जायचं

मे ते सप्टेंबर. याला पर्याय नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा चाळीसच्या वर जातो आणि वयस्कर माणसाला दुपारी गाडीतून उतरवणंसुद्धा धोक्याचं ठरतं. जून-जुलैत दिवसा वीस-बावीस अंश, आकाश कोरं निळं. पहाटे मात्र शून्याच्या खाली जाऊ शकतं. "वाळवंट आहे, स्वेटर कशाला" असं म्हणणाऱ्या वडिलांची बॅग तुम्ही स्वतः भरा. कानटोपीसकट.

घड्याळाचं लक्षात ठेवा. इथली वेळ भारताच्या चार तास पुढे आणि मेलबर्नच्या अर्धा तास मागे (उन्हाळ्यात दीड तास). औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्यांना हा अर्धा तास फारसा नडत नाही, पण फोनचा गजर आपोआप बदललाय का ते बघून घ्या.

जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात जेमतेम पावणेअकरा तास. अंधारात गाडी चालवायची नाही, हा इथला पहिला नियम. कांगारू आणि मोकाट जनावरं संधिप्रकाशात रस्त्यावर येतात. शिवाय गाडी भाड्यानं घेताना करारात बारीक अक्षरांत एक कलम असू शकतं: गावाबाहेर सूर्यास्तानंतर अपघात झाला तर विमा लागू नाही. आमच्या करारात होतं. काउंटरवरच्या मुलानं ते सांगितलं नाही. अण्णांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली तेव्हा सापडलं. सरकारी नोकरीचा असाही फायदा.

गाडी, परवाना, पाणी

मोठी फोर-व्हील ड्राइव्ह घेऊ नका. मी चौकशी केली तेव्हा जो तो तीच घ्या म्हणत होता. ऑर्मिस्टन आणि त्याच्या जरा पुढच्या ग्लेन हेलनपर्यंतचा रस्ता डांबरी आहे, साधी गाडी पुरते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच गाडीत दिवसातून दहा वेळा चढ-उतार करणं ही शिक्षा असते. सीट कमरेच्या उंचीला येईल अशी छोटी एसयूव्ही सगळ्यात सोयीची. अगदी खुजी गाडीही नको, तिच्यातून उठताना गुडघ्यावरच भार येतो. भाड्याच्या साध्या गाडीला कच्च्या रस्त्यावर बहुधा परवानगी नसते, त्यामुळे पुढची रेडबँक घळ यादीतून काढून टाका.

नॉर्दर्न टेरिटरीच्या (अ‍ॅलिस ज्यात येतं त्या प्रांताच्या) बाहेरून येणाऱ्यांना राष्ट्रीय उद्यानांचा पास काढावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो. आम्ही काढला तेव्हा मोठ्या माणसाला एका दिवसाचे 10 डॉलर आणि दोन आठवड्यांचे 30 डॉलर होते. आदल्या रात्रीच काढा आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा, कारण गाव सोडल्यावर थोड्याच वेळात फोनची रेंज जाते आणि दिवसभर येत नाही. नकाशाही आधीच उतरवून घ्या. कुठे जातोय आणि कितीपर्यंत परतणार ते मुक्कामाच्या ठिकाणी किंवा घरी कळवून ठेवा. आणीबाणीचा नंबर 000, पण तोही रेंज असेल तरच उपयोगाचा. नव्या फोनमध्ये उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय असेल तर ती कशी चालते ते घरी बसून एकदा करून बघा.

पेट्रोलची टाकी गावातच भरा. जाऊन-येऊन, आतले फाटे धरून तीनशे किलोमीटर होतात. वाटेत पंप आहे असं धरून निघायचं नाही.

पाणी माणशी चार-पाच लिटर. इथे मी चुकले ते सांगते. पाणी भरपूर घेतलं होतं, पण अण्णा पीतच नव्हते. अकरा वाजता डोकं दुखायला लागलं तेव्हा कबूल केलं: "वाटंत संडास कुठं गावंल म्हणून पीत नव्हतो." या वयातली पुष्कळ माणसं प्रवासात असंच करतात आणि सांगायला लाजतात. त्यामुळे निघतानाच सांगून टाका: ऑर्मिस्टनला स्वच्छतागृह आहे, एलरीला आहे, सिम्पसन्स गॅपला आहे, आणि कुठल्याही टप्प्यात पावणेदोन तासांपेक्षा जास्त वेळ जात नाही. हे सांगितलं की बाटली आपोआप रिकामी होते. काही संडास नुसते खड्ड्याचे, बिनपाण्याचे असतात, तेव्हा कागद, हात धुवायला वेगळी बाटली आणि आपल्या सवयीचा एक छोटा मग गाडीत असू द्या.

खाण्याचं सोपं आहे. गावात मोठी सुपरमार्केटं आहेत. मी मुक्कामाच्या स्वयंपाकघरात सकाळी धपाटे केले, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. घळींमधल्या छोट्या उपाहारगृहांच्या भरवशावर राहू नका, ती बंद असू शकतात. मधुमेह असेल तर खिशात काहीतरी गोड ठेवा, गाडीत नाही, खिशात.

आणि माश्या! थंडी संपत आली की त्या नाकातोंडात जातात. टोपीवरून घालायची जाळी गावात स्वस्तात मिळते. अण्णा आधी नको म्हणाले, मग दुपारी माझी घेतली. दोन घ्या.

क्रम: लांबून जवळ

बहुतेक लोक गावाजवळच्या खिंडीपासून सुरुवात करून एकेक ठिकाण बघत पुढे सरकतात. वडिलांबरोबर उलट करा. सकाळी न थांबता थेट सगळ्यात लांब, 135 किलोमीटरवरच्या ऑर्मिस्टनला जा आणि परतताना एकेक ठिकाण बघत या. कारणं तीन आहेत. सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीशी असतं आणि दुपारी पूर्वेला परततानाही पाठीशीच. डोळ्यांवर तिरीप येत नाही, चालवणाऱ्याच्याही आणि शेजारी बसलेल्याच्याही. दुसरं, सगळ्यात जास्त चालणं सकाळच्या ताज्या पायांनी होतं. तिसरं आणि खरं कारण: माणूस थकत जातो तसतसं गाव जवळ येत जातं. कुठल्याही क्षणी "बास आता" म्हटलं तरी बाकीचं सोडून सरळ परतता येतं, काही चुकल्याची रुखरुख लागत नाही.

आमचं वेळापत्रक असं झालं: साडेसातला निघालो, सव्वानवाला ऑर्मिस्टन, तिथे दोन तास. अकरा-चाळीसला गेरूची खाण, वीस मिनिटं. साडेबाराला एलरीचा डोह, जेवण आणि अडीच तास. सव्वाचारला सिम्पसन्स गॅप. पावणेसहाला मुक्कामावर.

रस्ता चुकायची भीती नाही. गावातून लारापिंटा ड्राइव्हनं बाहेर पडायचं आणि पुढे उजवीकडचा नमतजिरा ड्राइव्ह धरायचा. हा रस्ता ज्याच्या नावाचा तो अल्बर्ट नमतजिरा (1902 ते 1959) म्हणजे याच मुलखातला जलरंगांचा चित्रकार. पांढऱ्या खोडाची झाडं आणि मागे जांभळट डोंगर ही त्याची चित्रं ऑस्ट्रेलियात घराघरांत लागली. त्याला मात्र स्वतःच्या देशाचं पूर्ण नागरिकत्व 1957 साली मिळालं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. मी हे सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन रस्त्याला नाव दिलं."

वेग ताशी नव्वदच्या आसपास ठेवा, घाई कशाचीच नाही. रस्ता जिथे नदी-ओढ्याला आडवा जातो तिथे पूल नसतो, रस्ताच खाली उतरून पात्रातून जातो आणि कडेला पाण्याची खोली दाखवणाऱ्या मीटरच्या पट्ट्या उभ्या असतात. कोरड्या ठाक वाळूत दोन मीटरची पट्टी बघून अण्णा सावरून बसले. "म्हंजी येतं पाणी." येतं तर. पाऊस झाला असेल आणि त्या उतारावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. किती खोल आहे याचा अंदाज बांधत बसायचं नाही, मागे वळायचं.

वाळवंटात डोह कसे?

हे वाटेतच समजावून सांगितलं तर पुढचं सगळं बघायला मजा येते. डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरलेली आणि नद्या मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे, रांगेला आडव्या छेदून जाणाऱ्या. अ‍ॅलिसला वर्षाला सरासरी 280 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही कधी पडेल त्याचा नेम नाही. पडतो तेव्हा धो-धो पडतो. रुंद पात्रातून येणारा पूर खिंडीच्या अरुंद तोंडात कोंडतो, त्याला जोर चढतो आणि तो तळाची वाळू-गोटे उकरून काढतो. तिथे खोल डोह पडतो. पूर ओसरतो, नदी वाळते, पण डोहाच्या दोन्ही बाजूंना सरळसोट कडे असल्यामुळे ऊन दिवसातून थोडाच वेळ पोचतं आणि पाणी सावकाश आटतं.

खडक क्वार्टझाइटचा आहे, म्हणजे वाळूच भट्टीत घातल्यासारखी घट्ट झालेली. तो ऐंशी कोटी वर्षांच्या आसपासचा. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटींचा, म्हणजे यापुढे बाळच.

अण्णांना हे सांगायची गरज नव्हती. पहिलं कोरडं पात्र लागलं तेव्हाच त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरले, वाळूत बुटाची टाच रोवून बघितली आणि कडेच्या गम (निलगिरीच्या कुळातल्या) झाडांकडे बोट केलं. "एवढी मोठी झाडं वाळूवर जगत्यात व्हय? पाणी खालनं चाललंय." माणगंगेच्या पात्रात झिरा खणून ज्यांनी घागरी भरल्या आहेत त्यांना हा देश परका वाटत नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे नावही अशाच एका गफलतीतून पडलं. 1870 च्या दशकात तारायंत्राची ओळ टाकणाऱ्यांना टॉड नदीच्या पात्रात पाणी साठलेलं दिसलं, ते त्यांना झरा वाटलं, आणि अधिकाऱ्याच्या बायकोचं नाव त्याला दिलं. ते पाणी मुळात वाळूतून वर आलेलं, पुरानंतर उरलेलं. झिराच.

ऑर्मिस्टन: सकाळचे दोन तास इथे घाला

गाडी लावून पाणी जिथे आहे तिथपर्यंत अर्धा किलोमीटर. सुरुवातीची वाट चांगली बांधलेली, शेवटी वाळू. वाळूत चालताना घोटा मुरगळतो, म्हणून काठी न्या. चढ-उतारापेक्षा मऊ वाळूच वयस्कर माणसाला जास्त दमवते, हे मला इथे कळलं. विमानात चालेल अशी घडीची काठी असेल तर उत्तम.

डोह दक्षिणेकडच्या टोकाला चौदा मीटरपर्यंत खोल असल्याचं सांगतात. सकाळी कड्यांची वरची बाजू केशरी पेटलेली असते आणि खाली पाणी अजून काळं. वारा पडलेला असेल तर कडा पाण्यात उलटा दिसतो, इतका स्वच्छ की वरचं कुठलं आणि खालचं कुठलं कळायला एक बगळा उठावा लागतो. आमच्यासाठी उठला.

काठाशी बोटभर मासे होते. अण्णांनी विचारलं, "नदी वाळल्यावर मासं येतात कुठनं?" येत नाहीत, इथेच दडून राहतात. पूर आला की नदीभर पसरतात, नदी वाळली की बहुतेक मरतात, डोहातले तेवढे पुढच्या पुरापर्यंत तगतात. म्हणून अशा डोहात साबण, सनस्क्रीनचे थर, उष्टं-खरकटं काहीही जाऊ द्यायचं नाही. पाणी बदलायला पुढचा पूर यावा लागतो आणि तो कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही.

इथून घोस्ट गम (पांढऱ्या खोडाचं गम झाड) नावाच्या उंचवट्यावर जायची वाट आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत. आई-वडिलांचे गुडघे धड असतील तरच जा, नाहीतर तुम्ही एकट्यानं वर जाऊन यायच्या भानगडीतही पडू नका. रेंज नसलेल्या ठिकाणी म्हाताऱ्या माणसाला खाली तासभर एकटं बसवायचं नाही. ते झाड बघायला वर जावंच असं नाही, खालीही घोस्ट गम भेटतात. त्याच्या खोडावरून हात फिरवा. तळव्याला पांढरी पूड लागते, नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीला टेकल्यासारखी. अण्णांच्या निळ्या स्वेटरच्या पाठीवर ती संध्याकाळपर्यंत होती. मोठ्या गम झाडांच्या, विशेषतः नदीकाठच्या रेड गमच्या फांद्या मात्र वारा नसतानाही अचानक तुटतात. त्याखाली गाडी लावू नका आणि खुर्ची टाकू नका, सावली कितीही छान असली तरी.

वेळ हातात असेल तर ऑर्मिस्टनच्या फाट्यावरून जरा पुढे ग्लेन हेलनच्या बाजूला जाऊन माउंट सॉन्डर लांबून बघता येतो. उंची 1380 मीटर, आकार आडव्या झोपलेल्या बाईसारखा. गाडीतून न उतरता दिसतो, हा मोठा गुण. याच भागात ऑर्मिस्टन आणि डेव्हनपोर्ट या ओढ्यांपासून फिंक नदी सुरू होते. जगातल्या सगळ्यात जुन्या नद्यांमध्ये तिची गणना होते आणि ती बहुतेक काळ वाळूच असते.

गेरूची खाण

परतीच्या वाटेवर, गावापासून सुमारे 110 किलोमीटरवर. गाडीपासून थोडंच चालायचं. ओढ्याच्या काठाला उभी भिंत आहे आणि तिच्यात तांबडे, पिवळे, पांढरे पट्टे उभ्या घड्यांसारखे. अरेर्न्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या हे रंग समारंभात अंगावर रेखायला आणि औषधाला नेत आले. अण्णांनी लांबूनच ओळखलं: "ही काव, ही पिवडी, आन ती खडू." घराच्या भिंती आणि अंगण रंगवायला आपल्याकडे हेच असायचं. उचलायचा मोह होतो. उचलू नका, बोट लावून कपाळावरही ओढू नका. कायद्यानं गुन्हा आहे आणि दंड होतो. शिवाय ज्यांचं ते आहे त्यांच्या दृष्टीनं ती देवघरातली वस्तू आहे. या मुलखात एखाद्या जागेपाशी फोटो काढू नका किंवा पुढे जाऊ नका अशी पाटी दिसली तर कारण शोधत बसायचं नाही. वडिलांना एकदा "देवस्थानाची जागा आहे" म्हटलं की पुरतं, ते आपोआप टोपी काढतात.

एलरी क्रीक: जेवण आणि पाय बुडवणं

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तोही काही न करता. गाडीपासून डोह अगदी जवळ. पुढ्यात वाळूचा काठ, समोर रुंद पाणी आणि पलीकडे दोन तांबड्या कड्यांमधली फट. मूळ नाव उडेपाटा. धपाटे इथे खाल्ले. घडीची खुर्ची न्याच, टेकायला पाठ असलेली. वाळूत बसलेल्या वडिलांना उठवणं हे दोघांनाही अवघड जातं.

पाण्याबद्दल गंभीरपणे सांगते. ते भयंकर थंड असतं, उन्हाळ्यातसुद्धा. वर ऊन आणि खाली बर्फाचं पाणी, त्यात एकदम उडी मारली तर छातीत धडकी भरते. तरुण पोरंही ओरडत बाहेर येतात. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी पोहण्याचा विचारच करू नये. अण्णा विहिरीत सूर मारणारे, पण डोहाशी वाकून हात घातला आणि म्हणाले, "नगं. हे पानी दुसऱ्याचं हाय."

पाय मात्र बुडवले. तेव्हा एक काळजी घ्या: मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर अनवाणी पाण्यात उतरू देऊ नका. तळाशी धारदार गोटे असतात, थंडीनं पाय आणखी बधिर होतात, आणि कापलेलं संध्याकाळपर्यंत कळत नाही. पट्टा असलेली रबरी सँडल घाला. बाहेर आल्यावर बोटांमधली वाळू पुसा, जखम आहे का बघा आणि कोरडे मोजे चढवा. मी मोजे चढवत होते तेव्हा अण्णा पलीकडे बघत बसले. पाय लेकीच्या हातात द्यायचे म्हणजे त्यांच्या पिढीला नको वाटतं. अशा वेळी आपण बडबड करत राहायचं.

जेवणानंतर त्यांना गाडीत सीट मागे पाडून, खिडक्या थोड्या उघड्या ठेवून अर्धा तास झोपू दिलं. वेळापत्रकात झोपेचा हा अर्धा तास धरूनच चाला. तेवढ्यात मी डोहाकाठी बसले. पलीकडच्या फटीत कोणीतरी हाक मारली आणि ती दोन्ही कड्यांना आपटून परत आली.

वाटेत सर्पेंटाइन घळीची पाटी लागते, ती आम्ही मुद्दाम सोडली. जाऊन-येऊन अडीच किलोमीटरहून जास्त चालायचं आणि पाण्यात उतरायला मनाई. चांगली जागा आहे, पण पाचवी आहे.

सिम्पसन्स गॅप: उतरत्या उन्हात

गावापासून वीसेक किलोमीटर. दिवसाचा शेवट इथे करण्याचं कारण म्हणजे काळ्या पायांचे रॉक वॉलबी, म्हणजे खडकांत राहणारे छोटे कांगारूसारखे प्राणी. पहाटे आणि संध्याकाळी ते दगडांच्या उतरणीवर बाहेर येतात. वाट सपाट आणि पक्की आहे, चाकाची खुर्चीही जाते, त्यामुळे थकलेल्या पायांना शेवटी हीच बरी. इथे पोहायचं नाही.

वॉलबी आधी दिसत नाहीत. दगडच दिसतात. एक जागा धरून गप्प उभं राहायचं आणि एका दगडाला कान फुटायची वाट बघायची. मला दहा मिनिटांत एकही दिसला नाही, अण्णांनी चार दाखवले. शेतात ससा हेरणारी नजर. त्यांना खायला काही देऊ नका, आपल्या हातचं त्यांना बाधतं.

फाटक रात्री आठपर्यंत उघडं असतं, पण तुम्ही साडेपाचला निघा. परतताना गावाच्या अलीकडे सातेक किलोमीटरवर जॉन फ्लिनची समाधी लागते. दुर्गम भागात विमानानं डॉक्टर पोचवण्याची सेवा यांनी सुरू केली. आम्ही गाडी नुसती हळू केली, अण्णांनी आतूनच हात जोडले.

आणि स्टँडली चॅझम?

कोणी विचारेल, यादीत ती प्रसिद्ध चीर कशी नाही. सांदण दरी पाहिलेल्यांना कल्पना येईल: ऐंशी मीटर उंच दोन भिंती आणि मध्ये अरुंद वाट. तिचा खेळ भर दुपारी असतो. सूर्य माथ्यावर आला की थोडा वेळ दोन्ही भिंती निखाऱ्यासारख्या लाल होतात. बाराला तिथे पोचायचं म्हटलं तर या सहलीचा कणा मोडतो: एक तर ऑर्मिस्टन घाईत उरकायचं, नाहीतर एलरी सोडायचा. म्हणून ती दुसऱ्या दिवशी स्वतंत्र करा. गावापासून पन्नास किलोमीटर आहे, सकाळी दहाला आरामात निघालात तरी चालतं. ही जागा अरेर्न्ते लोकांच्या मालकीची आहे, प्रवेश फी वेगळी, उद्यानाचा पास चालत नाही. आतली वाट सव्वा किलोमीटरच्या आसपास आणि ओढ्यातल्या गोट्यांवरून जाते. काठी इथे खरी कामाला येते. अण्णांना पोचायला चाळीस मिनिटं लागली, म्हणून अकरा-वीसला चालायला लागलो ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दम उरला तर पूर्वेकडची एमिली गॅप गावापासून दहाच किलोमीटरवर आहे. खडकावर सुरवंटांची जुनी पट्टेदार चित्रं आहेत आणि चालणं थोडं. फक्त पात्रात पाणी साचलेलं असेल तर चित्रांपर्यंत जायला ते ओलांडावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा गुडघाभर होतं. अण्णा काठावर थांबले, काठी पाण्यात उभी धरली, ओली खूण बघितली आणि म्हणाले, "दीड फूट. तू जा, मी हितंच हाय."